घरातील सूक्ष्मजीव कशाने ठरतात: सांगलीतील चार घरांच्या प्रकल्प नोंदी

१४ मे

प्रकल्पाचे प्रत्यक्ष काम आज सुरू झाले. मंजुरीच्या अर्जावर मी ‘पूरग्रस्त घरांतील बुरशी व जिवाणू’ असे शीर्षक लिहिले आहे आणि माझी अपेक्षाही त्यातच आली. ज्या घरांत कृष्णेचे पाणी शिरले, त्या घरांतील सूक्ष्मजीवांचा समुदाय कोरड्या राहिलेल्या घरांपेक्षा वेगळा असणार, असे मी धरून चालले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या आसपास गेली होती, तर धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागातील आमच्या घरात त्या वेळी तळमजल्यावरची एकही वस्तू कोरडी उरली नव्हती, आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. तेव्हापासून घराला एक वास आहे आणि त्या वासाचे कारण शोधणे हाच या प्रकल्पाचा खरा उगम आहे, हे अर्जावर लिहिता आले नसले तरी येथे नोंदवून ठेवते.

घरे चार निवडली. घर १ आमचे: दगडमातीच्या जाड भिंती, वरून अलीकडचा सिमेंटचा गिलावा, राहणारी चार माणसे. घर २ सांगलीवाडीतील, २०१९ मध्ये खिडकीच्या वरपर्यंत पाणी गेलेले, पत्र्याचे छप्पर, समोरासमोर दोन दारे आणि दिवसभर आरपार वारा. घर ३ विश्रामबागेतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वातानुकूलित, जाड पडदे आणि बहुधा बंदच असलेल्या खिडक्या. घर ४ बुधगावातील मावशीचे, ओसरीला लागूनच दोन म्हशींचा गोठा. म्हणजे पूर पाहिलेली दोन आणि न पाहिलेली दोन.

प्रत्येक घरात नमुने घेण्याच्या जागा ठरल्या: स्वयंपाकाचा ओटा, उशीचा अभ्रा, उंबरठा आणि बैठकीच्या दाराच्या चौकटीची वरची कड. शेवटची जागा विचित्र वाटेल, परंतु तिला कोणाचा हात लागत नाही आणि महिनोन्‌महिन्यांची धूळ तेथे शांतपणे साचते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये ४० घरांचा जो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही चौकटीवरची धूळ घेतली होती. याशिवाय हवेसाठी उघडी प्लेट, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याचे पोषक माध्यम भरलेली बशी: जमिनीपासून १ मीटर उंच, भिंतीपासून १ मीटर दूर, १ तास उघडी. तशीच एक प्लेट प्रत्येक वेळी घराबाहेर मोकळ्या हवेत ठेवायची, असे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आग्रहाने सांगितले. त्या वेळी मला ते जादा काम वाटले.

१७ मे

पहिली सर्व तयारी वाया गेली. नमुना न घेतलेल्या, केवळ खात्रीसाठी ठेवलेल्या प्लेटवरही पांढऱ्या, कोरड्या, कडा पसरलेल्या कॉलनी, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या वाढीचे ठिपके, उगवल्या. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, १५ पौंड दाबावर पोहोचण्याआधीच मी वेळ मोजायला सुरुवात केली होती, त्यामुळे १२१ अंशांवर पूर्ण १५ मिनिटे मिळाली नाहीत आणि बीजाणू, म्हणजे उष्णतेतही टिकणारी जिवाणूंची सुप्त रूपे, जिवंत राहिले. रंगवून पाहिल्यावर लांबट पेशी दिसल्या, बॅसिलस कुळातल्या असाव्यात. माध्यम फेकले, सर्व पुन्हा उकळले.

प्रयोगशाळेत दुपारी पंखा चालू ठेवता येत नाही, कारण हवेबरोबर बाहेरचे जिवाणू प्लेटवर येतात, आणि मे महिन्यातील सांगलीत पंख्याविना बसणे म्हणजे काय ते येथील माणसाला सांगायला नको. अशा उन्हाळ्यानेच अगार प्रयोगशाळेत आणले. जर्मनीत वाल्थर हेस हे हवेतील सूक्ष्मजीवांचाच अभ्यास करत होते आणि त्यांची जिलेटिनची माध्यमे उन्हाळ्यात पातळ होत असत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस जेली घट्ट करण्यासाठी अगार वापरत, तेच वापरून पाहा असे त्यांनी १८८१ च्या सुमारास सुचवले. आपल्याकडे पुडिंगसाठी जे चायना ग्रास आणतात, तेच हे अगार. एकदा घट्ट झालेले अगार सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणूनच ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ते टिकते. पेट्री यांची झाकणाची बशी त्यानंतर, १८८७ साली आली.

२६ मे

पहिली फेरी वाचून झाली. जिवाणूंसाठी न्यूट्रिएंट अगार, बुरशीसाठी क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणूंना रोखणारे प्रतिजैविक) घातलेले पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार. बुरशीच्या प्लेटवर चारही घरांत फारसे काही नाही: दोन-चार काळ्या ठिपक्यांच्या, अॅस्परजिलस नायजरसारख्या कॉलनी, बाकी मोकळे. आमच्या घराची प्लेट इतरांहून वेगळी नाही. मी थोडी खट्टू झाले, हे प्रामाणिकपणे लिहिते.

२ जून

उंबरठ्यावरून आजीशी वाद झाला. ‘‘रोज हळद लावते मी उंबऱ्याला, तिथं काय मिळणार गं तुला?’’ असे तिचे म्हणणे. प्रत्यक्षात उंबरठ्याची प्लेट सर्वांत भरगच्च निघाली. सुरकुतलेल्या, पसरट कॉलनी, जवळजवळ सगळ्या लांबट पेशींच्या. मॅलाकाइट ग्रीनने रंगवल्यावर पेशींच्या आत हिरवे बीजाणू स्पष्ट दिसले.

चपलांबरोबर अंगणातील माती येते आणि मातीत बॅसिलस असतातच, त्यामुळे प्रश्न सुटला असे मी समजले होते. मॅडमनी मात्र विचारले की हळदीची प्लेट लावलीस का. डब्यातील हळद निर्जंतुक पाण्यात कालवून लावली, तर तिच्यातूनही त्याच धाटणीच्या कॉलनी आल्या. विचार केल्यावर ते स्वाभाविक वाटले. ओली हळद काहिलीत शिजवतात, त्या उष्णतेत साधे जिवाणू मरतात पण बीजाणू उरतात, आणि नंतर हळकुंडे कित्येक दिवस उघड्यावर वाळत पडतात. मसाल्यांच्या पदार्थांत बीजाणू धरणारे जिवाणू सापडणे ही सर्वज्ञात गोष्ट आहे. हळदीत जंतुनाशक गुण असतील वा नसतील, परंतु उंबरठ्यावरच्या चिमूटभर कोरड्या पुडीत बीजाणू निवांत झोपलेले असतात. उंबरठ्याचे नमुने यापुढे चारही घरांत हळदकुंकवाची बाजू सोडून, मधोमध घ्यायचे ठरले. आजीला निष्कर्ष सांगितलेला नाही.

११ जून

पाऊस. नमुने घेतले नाहीत.

२३ जून

दुसरी फेरी, आणि येथून प्रकल्पाची दिशा बदलते आहे असे मला वाटते.

बुरशीच्या प्लेट भरल्या आहेत. शेवाळी-काळपट मखमलीसारखे क्लॅडोस्पोरियम सर्वत्र, त्याखालोखाल आल्टर्नेरिया, आणि एका प्लेटवर ऱ्हायझोपसने दोन दिवसांत झाकणापर्यंत कापूस भरल्यासारखी वाढ करून बाकीच्या कॉलनी झाकून टाकल्या, ती प्लेट बाद. मुख्य गोष्ट अशी की बाहेर ठेवलेली प्लेट आणि त्याच घराच्या आतली प्लेट शेजारी ठेवल्या, तर कोणती आतली हे नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही. सांगलीवाडीच्या घरात तर नावनिशाणी पुसली गेली असती तर मी निश्चित गोंधळले असते. घरातील हवेतली बुरशी ही बहुतांशी घराची नसतेच, ती बाहेरून वाहत येते. अमेरिकेतील सुमारे १,२०० घरांच्या धुळीचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष असाच आहे की बुरशीचे प्रकार मुख्यतः घर कोणत्या प्रदेशात आहे यावर ठरतात, तर जिवाणूंचे प्रकार घरात कोण राहते यावर: बायका किती, पुरुष किती, कुत्रे-मांजर आहे की नाही. बाहेरच्या प्लेटबद्दल मॅडमनी धरलेला आग्रह आता समजला. ती नसती, तर ‘पावसाळ्यात पूरग्रस्त घरांत बुरशी वाढते’ असे बेधडक लिहून मी मोकळी झाले असते.

जिवाणूंच्या बाबतीत उलट चित्र आहे. विश्रामबागेच्या फ्लॅटमधील हवेच्या प्लेटवर बुरशी सर्वांत कमी, पण पिवळ्याधमक, गोल, चकचकीत कॉलनी आणि बारीक पांढऱ्या कॉलनी सर्वांत ठळक. पिवळ्या मायक्रोकॉकसच्या आणि पांढऱ्या बहुधा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या. दोन्हीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच फेस आला, आणि मॅनिटॉल सॉल्ट अगारवर पांढऱ्या कॉलनींनी रंग बदलला नाही, म्हणून त्याच कुळातला, रोग करू शकणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नव्हे असे धरले. हे दोन्ही माणसाच्या कातडीवरचे रहिवासी. बंद खोलीत एक माणूस नुसता वावरला, तरी ताशी सुमारे ३.७ कोटी जिवाणूंच्या जनुकसंचांच्या प्रती हवेत येतात, त्यांतील काही अंगावरून झडलेल्या आणि बऱ्याचशा जमिनीवरची धूळ पुन्हा उडाल्याने, असे मोजमाप येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली मांडले होते. खिडकी उघडी असेल तर त्यांत बाहेरच्यांची भेसळ होते. ती बंद केली की घरातील माणसेच काय ती उरतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एका रुग्णालयाच्या खोल्यांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातही, यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत जिवाणूंची विविधता खिडकीच्या हवेपेक्षा कमी आढळली होती, आणि त्यांत माणसाला रोग करणाऱ्यांच्या जवळच्या जिवाणूंचा वाटा अधिक होता.

फ्लॅटमधील काकूंनी घर अत्यंत स्वच्छ ठेवले आहे. त्यांना हे कसे सांगावे हा प्रश्न आहे, कारण यात अस्वच्छतेचा काहीच संबंध नाही. ‘‘आमच्याकडे काही वाईट निघालं का गं?’’ असे त्यांनी दोनदा विचारले. वाईट काही निघाले नाही, तुम्हीच निघालात, असे म्हणणे धाडसाचे झाले असते.

३ जुलै

तर मग आमच्या घरातला वास कसला?

हवेच्या प्लेटवर उत्तर नव्हते, म्हणून मागच्या खोलीच्या भिंतीवरून थेट नमुना घेतला. त्या भिंतीला ओल आहे, लोणा फुटून गिलाव्याचे पोपडे सुटले आहेत आणि कपाटामागे हाताएवढा हिरवट-करडा डाग आहे. डागावर सेलोटेप दाबून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पेनिसिलियमचे कुंचल्यासारखे फाटे आणि अॅस्परजिलसची गोल डोकी एकमेकांत मिसळलेली दिसली. प्लेटवरही तीच आली. बाहेरच्या प्लेटवर ही दोन्ही जवळपास नाहीत. चारही घरे मिळून एवढी एकच बुरशी ‘घरची’ आहे, म्हणजे बाहेरून येऊन केवळ बसलेली नाही, येथे रुजली आणि वाढली आहे.

माझ्या गृहीतकाला हा आधार वाटला, पण तो एक दिवसच टिकला. सांगलीवाडीच्या घरातही तसाच नमुना घेतला, जेथे पाणी आमच्यापेक्षा उंच चढले होते. तेथील भिंत खडखडीत कोरडी, आणि टेपवर धुळीचे कण व दोन-तीन क्लॅडोस्पोरियमच्या बीजाणूंखेरीज काही नाही. पूर दोन्ही घरांनी पाहिला आहे, ओल मात्र एकाच घरात आहे. आमच्या त्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने पन्हाळीचा तुटलेला पाइप वर्षानुवर्षे ठिबकतो, आणि जुन्या दगडमातीच्या भिंतीवर मारलेला सिमेंटचा गिलावा आतले पाणी बाहेर पडू देत नाही. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की बहुतेक बुरशींना वाढायला पुरते. तिच्यासाठी खोली दमट असण्याची गरज नाही, भिंतीचा पृष्ठभाग दमट असला की झाले. पूर ओसरल्यावर भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत वाळवा, असा जो सल्ला सर्वत्र दिला जातो त्यामागेही हेच कारण आहे. पाणी किती उंच आले यापेक्षा किती काळ थांबले हे महत्त्वाचे.

वडिलांनी हे ऐकून पाइपाकडे पाहिले आणि ‘‘म्हणजे पुराला उगाच दोष देत होतो म्हण,’’ एवढेच म्हणाले. पाइप अद्याप तसाच आहे.

२६ जुलै

नदी वाढते आहे. नदीकाठच्या लोकांनी सामान वर चढवायला सुरुवात केली असून सांगलीवाडीच्या घरातून प्लेट परत आणता आल्या नाहीत. तेथील मंडळी स्वतःच्या चिंतेत असताना प्लेटबद्दल फोन करणे मला योग्य वाटले नाही. तिसऱ्या फेरीत घर २ रिकामे राहील.

९ ऑगस्ट

पाणी उतरले. प्लेट वाळून गेल्या होत्या, टाकल्या.

उशीचे अभ्रे हा भाग मी दुय्यम समजत होते. घर ३ मधील मुलगी १ ऑगस्टला शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि काकूंनी तिची खोली तशीच बंद ठेवली आहे. तिच्या उशीचा नमुना ती असताना जूनमध्ये घेतलेला होता आणि आज पुन्हा घेतला. आजच्या प्लेटवर कॉलनी बऱ्याच विरळ आहेत, तर आई-वडिलांच्या उशांवर फरक नाही. एकाच उशीवरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, शिवाय मधल्या काळात अभ्रा धुतला होता की नाही हे काकूंना आठवत नाही, त्यामुळे तक्त्यात ही नोंद तारांकित केली आहे.

तरीही ती लिहून ठेवण्याचे कारण असे की, सात कुटुंबांचा सहा आठवडे पाठपुरावा करणारा जो अभ्यास २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, त्यात हेच अधिक नेमकेपणाने दाखवले होते. घरातील एखादी व्यक्ती काही दिवस बाहेरगावी गेली, की तिचा वाटा घराच्या पृष्ठभागांवरून ओसरू लागतो, आणि कुटुंबाने घर बदलले की नव्या घरावर थोड्याच दिवसांत त्याच कुटुंबाची छाप उमटते. म्हणजे घराचा जिवाणूसमुदाय हा साठा नसून ये-जा आहे. कोरड्या पृष्ठभागावर बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, हळूहळू मरतात, आणि माणसे त्यांची भरपाई करत राहतात.

प्रकाशाचाही यात हात आहे. ओरेगॉनमध्येच धूळ भरलेल्या छोट्या खोल्या करून ९० दिवस ठेवल्या, तेव्हा अंधारात सरासरी १२ टक्के जिवाणू जिवंत राहिले, तर काचेतून दिवसाचा प्रकाश येणाऱ्या खोल्यांत ६.८ टक्के. हे वाचून भांडी घासण्याच्या वस्तूंकडे लक्ष गेले. आजीचा काथ्या मोरीबाहेर उन्हात पडलेला असतो आणि फ्लॅटमधील स्पंज बेसिनखाली सतत ओला. दोन्ही लावून पाहिले. स्पंजाची प्लेट मोजण्यापलीकडची होती. जर्मनीत वापरलेल्या स्पंजांत काही ठिकाणी घन सेंटिमीटरला ५० अब्जांपर्यंत जिवाणूंची दाटी आढळली होती, तेव्हा यात आश्चर्य नाही. काथ्या बरा निघाला, निर्मळ नव्हे. आजीला हे मात्र सांगितले.

२४ ऑगस्ट

बुधगाव. मावशीच्या घरी नमुने घेणे हे निम्मे काम आणि निम्मे जेवण असते.

येथील चौकटीवरची धूळ इतर तिन्ही घरांहून उघड वेगळी आहे. रंगाने तपकिरी, वैरणीच्या कुसळांनी भरलेली. ८० अंशांवर १० मिनिटे तापवूनही तिच्यातून भरपूर कॉलनी आल्या, म्हणजे बीजाणू धरणारे पुष्कळ. न तापवलेल्या प्लेटवर खडूच्या भुकटीसारख्या, पावसानंतरच्या मातीचा वास येणाऱ्या कॉलनी मिळाल्या, त्या स्ट्रेप्टोमायसिस असाव्यात. गोठ्यातील हीच मंडळी स्वयंपाकघराच्या चौकटीवरही आहेत, जरी मधे दोन दारे असली तरी. नॉर्थ कॅरोलिनाच्या अभ्यासात कुत्रा असलेल्या घरांत त्याचा माग उशी आणि टीव्हीच्या पडद्यापर्यंत सापडला होता. दोन म्हशींचा माग किती लांब जाईल याचा अंदाज त्यावरून करता येतो.

मावशीने विचारले, ‘‘हे चांगलं का वाईट?’’ याचे सरळ उत्तर नाही. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचे मूळ, आहार व राहणी बरीच सारखी, परंतु आमिश घराजवळच गुरे पाळतात आणि हटराइटांची शेती मोठी, यांत्रिक व घरापासून दूर असते. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी घटक) जवळपास सातपट होते आणि त्यांच्या मुलांत दमा बराच कमी. दुसऱ्या बाजूने, बुरसलेली वैरण झाडताना उडणारी धूळ शेतकऱ्यांच्या फुप्फुसांना अपाय करते, हेही तितकेच खरे. मावशीला मी एवढेच सांगितले की वैरण झाडताना तोंडाला पदर लावावा.

१० सप्टेंबर

मॅडमबरोबर बैठक. त्यांनी तक्ते पाहिले आणि शीर्षकातील ‘पूरग्रस्त’ हा शब्द पेन्सिलीने खोडला. ‘‘तुझ्या प्लेट सांगतायत एक आणि तू लिहितेस दुसरं,’’ असे त्या म्हणाल्या. नवे शीर्षक ‘सांगली परिसरातील चार घरांत वाढवता येणारे सूक्ष्मजीव: ओल, वारा व रहिवासी यांचा संबंध’ असे ठरले.

‘वाढवता येणारे’ हे शब्द त्यांनीच घातले आणि त्यावर आमचा बराच वेळ गेला. निसर्गातील जिवाणूंपैकी साधारण १ टक्क्याहूनही कमी जिवाणू नेहमीच्या माध्यमांवर वाढतात. जगभरातील ज्या अभ्यासांचा मी आधार घेते, ते १६एस जनुकाच्या, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या जनुकाच्या, वाचनावर उभे आहेत, प्लेटवर नव्हे. माझ्या प्लेटवर बॅसिलस ठळक दिसतो तो घरात सर्वांत जास्त आहे म्हणून की अगारवर झपाट्याने पसरतो म्हणून, हे माझ्या पद्धतीने वेगळे करता येत नाही. बुरशीबद्दलचा मुद्दा त्यामानाने भक्कम आहे, कारण आतली आणि बाहेरची प्लेट एकाच माध्यमावर, एकाच दिवशी लावलेली आहे आणि पक्षपात झाला तरी दोन्हींवर सारखाच होणार.

घर २ ची तिसरी फेरी नाही, उशीची नोंद तारांकित आहे, आणि चार घरांवरून सांगली शहराविषयी काही म्हणता येत नाही. हे तिन्ही मुद्दे मर्यादांमध्ये लिहिले.

२८ सप्टेंबर

घट बसायला पाच दिवस राहिले आहेत. बुधगावात वाकळा आणि अंथरुणे धुवायला निघाली आहेत, तेव्हा उशांचे शेवटचे नमुने त्याआधी घेणे आवश्यक होते आणि ते कालच घेतले. आमच्या घरी मात्र उशीर झाला. मी बुधगावात असताना आजीने घर झाडून काढले आणि चौकटीची वरची कड ओल्या फडक्याने पुसली. मेपासून मी तिला हात लावू दिला नव्हता.

वडिलांनी पाइप बदलून घेतला आहे आणि मागच्या भिंतीचा गिलावा कंबरेइतका काढून ती उघडी ठेवली आहे. चौकटीवरच्या धुळीचे वय आता नेमके माहीत आहे: २७ सप्टेंबर, दुपार. त्या कडेवरून आणि त्या भिंतीवरून पुढचा नमुना २७ डिसेंबरला घ्यायचा आहे. तशी चिठ्ठी चौकटीला, आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, चिकटवली आहे.